चाप

मराठीत ‘चाप’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत तो बंदुकीवर येऊन बसला आणि बोटाने ओढायच्या त्या वाकड्या तुकड्याचं नाव झाला. काही जण त्यालाच ‘घोडा’ म्हणतात. खरं तर घोडा म्हणजे वर उभा राहून खाली आपटणारा भाग, पण बोलीत दोन्ही चालतं. आणि तोच चाप आपण खर्चालाही लावतो, पोरांच्या उनाडकीलाही लावतो. ओढला की गोळी सुटते, लावला की गोष्ट थांबते! भाषेने एकाच शब्दात दोन्ही कसं काय ठेवलं, कोण जाणे.

मंडळी, हे सुचायचं कारण म्हणजे अमेरिकेतला माझा पुतण्या. तो तिथे हरणांच्या शिकारीला जायला लागला आहे. (आमची आजी असती तर तिने त्याला अंगणातच उभं केलं असतं, घरात घेतलं नसतं!) त्याने एक जुनी जर्मन माउझर रायफल घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर तिचा मूळ चाप काढून बाजारातून आणलेला दुसरा बसवला. फोनवर मला तासभर त्याचं वर्णन ऐकवलं. “काका, जुना फार जड होता, नेम हलायचा,” म्हणाला. इतिहासाच्या मास्तरला एवढं पुरे. सैन्याने चालवलेली, दोन महायुद्धांत गाजलेली बंदूक, आणि तिचा चाप वाईट? मग वाचत बसलो.

चाप जड म्हणजे काय, हे मला थोडंफार माहीत होतं. मी १९६६ साली कॉलेजात गेलो. चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची होती. कवायतीला थ्री नॉट थ्री, नेमबाजीला पॉइंट टू टू. आमचे हवालदार सांगत, श्वास अर्धा सोडा आणि चाप असा हळू ओढा, की गोळी कधी सुटली ते तुम्हालाही कळता कामा नये. थ्री नॉट थ्रीला दोन ओढी असत. पहिली तीन ते चार पौंडांची, मग बोट अडतं, आणि दुसरी पाच ते सहा पौंडांची. बंदूकच जेमतेम नऊ पौंडांची. म्हणजे जी वस्तू स्थिर धरायची, तिच्या निम्म्याहून जास्त जोर एका बोटाने तिच्यावर लावायचा. नेम हलणार नाही तर काय!

पण सैन्याचा चाप जड ठेवला होता तो मुद्दाम. आत एक फायरिंग पिन जोरदार स्प्रिंगवर ताणलेली असते, तिला एक खिट्टी अडवून धरते, इंग्रजीत तिला सिअर म्हणतात. चाप ओढला की खिट्टी घसरते आणि पिन सुटते. सगळा खेळ ही खिट्टी किती खोल अडकली आहे याचा. १८९८ च्या माउझरमध्ये ती चांगली खोल अडकते, म्हणून बोटाला लांब ओढ लागते. ही बंदूक खंदकातल्या चिखलात पडणार, गारठलेल्या किंवा हातमोजे घातलेल्या हातात असणार, आणि धरणारा बहुतेक वेळा घाबरलेला विशीतला पोरगा असणार. ती आपटली तरी उडू नये, हे पहिलं. नेम नंतर.

नेमबाजांचं गणित नेमकं उलटं. जर्मन प्रदेशात सोळाव्या शतकापासूनच ‘सेट’ करायचे चाप होते. एक चाप ओढून आतली स्प्रिंग ताणून ठेवायची, मग दुसऱ्याला नुसता स्पर्श पुरे. तिथले कारागीर पेनसिल्व्हेनियात गेले, तेव्हा ही युक्ती तिथल्या लांब रायफलींवरही गेली. आजही चांदमारीवर हलक्या चापाचंच राज्य आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारच्या रायफलींचे चाप शंभर ग्रॅमच्या आसपास असतात. नियमात किमान वजनाची अट नाही. १० मीटर पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅमची अट आहे. पण त्या जागी जमीन सपाट, सगळ्या बंदुका एकाच दिशेला, आणि गोळी भरायची तीसुद्धा हुकूम झाल्यावर.

या दोन जगांची गाठ पडली दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन सैनिक जर्मनीतून माउझर घेऊन घरी आले. शिवाय युरोपच्या कोठारांतल्या जुन्या लष्करी रायफली जहाजं भरभरून अमेरिकेत येऊ लागल्या आणि टपालाने कवडीमोलाने मिळू लागल्या. केनेडींचा खून १९६३ मध्ये ज्या इटालियन कारकानोने झाला, ती दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला टपालाने मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री आणि लष्करी मालाची आयात दोन्ही बंद केली. (आयात १९८४ नंतर काही प्रमाणात परत सुरू झाली.) पण तोवर शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या घरोघरी त्या पोचल्या होत्या. हरणावर नेम धरायचा आणि चाप खंदकातला! ही अडचण ओळखून अ‍ॅलन टिमनी नावाच्या माणसाने १९४६ मध्ये अशा रायफलींसाठी वेगळे चाप बनवायचा धंदा काढला. डेन्व्हरचा मॅट कॅन्जार याचेही चाप नावाजलेले. टिमनीची कंपनी आजही फिनिक्सला चालू आहे, आणि पुतण्याचा चापही तिथलाच.

बसवण्याची कृती ऐकायला सोपी आहे. लाकडी दस्ता सोडवायचा, जुना चाप एका खिळ्यावर टांगलेला असतो तो खिळा ठोकून काढायचा, त्याच खिळ्यावर नवा टांगून स्क्रू आवळायचा. नवा थोडा रुंद असतो, म्हणून दस्त्याचं लाकूड आतून जरा कोरावं लागतं. खरी कसोटी पुढे. बारीक स्क्रू असतात. एकाने ओढीचं वजन, एकाने खिट्टीची पकड, एकाने पिन सुटल्यावर बोट किती पुढे जाईल ते ठरतं. वजन मोजायला ताणकाटा, आपल्या प्रयोगशाळेत असायचा तसाच. पकडीचा स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला की चाप लोण्यासारखा मऊ होतो, आणि बंदूक बोट न लावता उडू शकते. म्हणून जाणकार लोक रिकामी बंदूक घेऊन बोल्ट दाणकन बंद करून बघतात, दस्ता जमिनीवर आपटून बघतात, आणि पिन जागची हलली तर सगळं परत मागे नेतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक-दुरुस्तीलाही परवाना लागतो. हे घरच्या टेबलावर बसून करायचं काम नाही.)

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगतो. हलका चाप कारखान्यातूनच द्यावा, म्हणून रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर या इंजिनिअरने एक नाजूक रचना केली. १९४८ च्या मॉडेल ७२१ मध्ये ती आली, पुढे १९६२ च्या मॉडेल ७०० मध्ये. वॉकर स्वतः अव्वल नेमबाज. त्याच्या चापात आणि खिट्टीमध्ये एक सुटा तुकडा होता, नुसत्या स्प्रिंगने धरलेला. प्रत्येक गोळीला तो चापापासून क्षणभर अलग व्हायचा आणि परत बसायचा. मध्ये कचरा किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं तर तो नीट बसेलच असं नाही. हे वॉकरलाही दिसलं. त्याने १९४८ मध्येच जास्त सुरक्षित रचना सुचवली. खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट. कंपनीने ती घेतली नाही.

त्यात भर म्हणजे १९८२ पर्यंतच्या मॉडेल ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्ट उघडत नसे. गोळी काढायची तर आधी सेफ्टी काढायला हवी. ऑक्टोबर २००० मध्ये मोंटानात एका आईने शिकारीनंतर गोळी काढायला तेच केलं. बोट चापाला नव्हतं, असं ती सांगत आली. गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. त्याच्या बापाने पुढची कित्येक वर्षं कंपनीची जुनी कागदपत्रं खणून काढण्यात घालवली. कंपनीचं उत्तर ठरलेलं: रचना सुरक्षित आहे, लोक साफसफाई करत नाहीत आणि स्क्रूंशी खेळतात. लोक खेळत होते हे खरंच आहे. पण बोट लावलं नाही तरी उडेल अशी शंका ज्याच्या कर्त्यालाच होती, त्याचा दोष मी तरी आधी स्क्रू फिरवणाऱ्याच्या माथी मारणार नाही.

२००६ मध्ये कंपनीने नव्या रचनेचा चाप आणला. २०१४ मध्ये तोही परत बोलवावा लागला, आत चिकटद्रव्य जास्त लागलं होतं म्हणून. दरम्यान २०१० मध्ये सीएनबीसीच्या माहितीपटात अठ्ठ्याण्णव वर्षांच्या वॉकरने, आपण १९४८ मध्ये बदल सुचवला होता, हे स्वतः सांगितलं. २०१७ मध्ये कोर्टाने तडजोड मान्य केली. सुमारे ७५ लाख बंदुका, त्यातल्या बहुतेकांना नवा चाप फुकट. अर्ज अगदी थोड्यांनी केले. मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, आणि त्याच जुलैत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे विभाग वेगवेगळ्या लोकांनी विकत घेतले. जुन्या चापाच्या बंदुका मात्र अजून कपाटांत आहेत, वडिलांकडून मुलाकडे जाताहेत, आणि जुन्या बाजारात विकल्याही जाताहेत.