अर्ध्या दिवसाचे बेट

मराठ्यांच्या इतिहासाचे नाव निघाले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम डोंगर उभा राहतो. कडा, माची, खिंड आणि रात्रीच्या अंधारात दौडणारे घोडदळ ही त्या इतिहासाची आमच्या मनातील चित्रे. बेंगळुरूच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या आम्हां मराठी मंडळींना तर ही चित्रे अधिकच जवळची वाटतात. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. १६३८ नंतर शहाजीराजांनी आपले ठाणे केले ते याच बेंगळुरूत. अशा गावी पूर्वजांची आठवण घोड्यांच्या टापांनीच व्हावी, यात नवल ते काय? परंतु त्यांच्याच पुत्राने आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत जे दुर्ग बांधावयास घेतले, ते डोंगरावर नव्हते, पाण्यात होते. १६७९ मध्ये खांदेरी आणि १६८० मध्ये कुलाबा. त्यांपैकी कुलाब्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे योजिले आहे.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर, एक-दोन किलोमीटरांच्या आत, एका सपाट खडकावर हा किल्ला उभा आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २७० मीटर, बुरूज १७. त्याच्या उत्तरेस सर्जेकोट नावाचा लहानसा उपदुर्ग असून दोहोंमध्ये दगडी बांधाची वाट आहे. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी सांध्यांतून आत शिरते आणि निथळून बाहेर पडते. भिंतीला धक्का सोसावा लागतो, पण पाण्याचा भार तुंबत नाही. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूंकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे जलदुर्गाचे पहिले भाग्य कुलाब्याला लाभले आहे.

तथापि या किल्ल्याचे खरे वैशिष्ट्य तटात नाही, ते भोवतालच्या पाण्यात आहे. हे बेट दिवसातून दोनदा बेट असते आणि दोनदा नसते. ओहोटीस अलिबागच्या वाळूवरून माणूस चालत जातो, घोडागाडीही जाते; भरतीस त्याच वाटेवर होडी तरंगते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणून ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील माणूस त्यासाठी घड्याळ पाहत नाही, तिथी पाहतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या, आणि अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या आगेमागे. त्या दोन दिवसांच्या आसपास उधाण येते. पाणी खूप चढते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि पुरते उतरतही नाही. सारांश, किल्ल्याच्या दाराला कडी घालणारा आणि ती काढणारा पहारेकरी म्हणजे चंद्र होय.

आता अशा बेटाकडे शिडाच्या जहाजाने येणाऱ्या तांडेलाची स्थिती पाहा. रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. तेव्हा निघण्याची वेळ पहाटेची आणि किनारा गाठण्याची दुपारनंतरची. पण वाऱ्याची वेळ आणि पाण्याची वेळ नेहमी जुळतेच असे नाही. जवळ यावे तर तळ उथळ आणि पाण्याखाली खडक. नांगर टाकावा तर खाली वाळू वा चिखल आहे की खडक, हे आधी ठाऊक हवे. खडकावर नांगर धरत नाही, आणि फटीत अडकला तर निघत नाही. दोर आखूड सोडला तर चढत्या पाण्याबरोबर नांगर उखडतो. लांब सोडला तर प्रवाह उलटताच जहाज गिरकी घेऊन खडकाकडे जाते. ओहोटी लागल्यावर रुंद, सपाट बुडाची होडी वाळूवर निश्चिंत बसते; तळ खोल असलेले जहाज मात्र कलंडते, आणि कलंडलेल्या जहाजाच्या तोफा एक तर आकाशाकडे पाहतात, नाही तर चिखलाकडे.

मराठ्यांनी आपली जहाजे या पाण्यास साजेशीच बांधली. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार ऑर्म याने त्यांचे वर्णन केले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, १५० पासून ३०० टनांपर्यंतची, लांबीच्या मानाने रुंद आणि थोड्या पाण्यात तरंगणारी. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, आणि त्यास ४०-५० वल्ही. वारा पडला तरी गलबत अडून राहत नसे. खोल समुद्रात युरोपीय जहाजापुढे ही जहाजे दुबळी ठरत. परंतु लढाई किनाऱ्यालगत ओढून आणली की दुबळे कोण, याचा निकाल पाणी देई.

याचा पहिला पुरावा कुलाब्याच्या उत्तरेस खांदेरीला मिळाला. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली त्या बेटावर तट उभा राहू लागताच मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे भोवती ठेवली. दिवसा ती बेट राखीत. रात्री नागाव-थळच्या बाजूने मराठ्यांच्या लहान होड्या सामान घेऊन त्यांच्यामधून निसटत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांचे आरमार चालून आले तेव्हा इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब हाती लागली. 'रिव्हेंज' या जहाजाने कडवा प्रतिकार करून मराठ्यांस माघार घ्यावयास लावली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण त्या विजयाने इंग्रजांस बेट मिळाले नाही. होड्यांची ये-जा थांबली नाही, तट उंच होत गेला, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांस तह करून माघारी जावे लागले.

कुलाब्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले. एप्रिल १६८० मध्ये महाराज निवर्तले आणि ते पुरे करण्याचे श्रेय संभाजीराजांकडे गेले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हेच आपले मुख्य ठाणे केले. त्यांच्यावर मुंबईचा गव्हर्नर बून याने १७१८ मध्ये खांदेरीस आणि १७२० मध्ये विजयदुर्गास आरमार पाठवून पाहिले; दोन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाची चार युद्धनौका घेऊन आला होता. आश्चर्याची गोष्ट अशी की, समुद्रावर एवढे बळ असूनही मुख्य भिस्त जमिनीवरील सैन्यावर ठेवण्यात आली. कारण उघड होते. मोठी जहाजे दुरूनच तोफा डागणार. आणि वाळूवरून जावे तर काही तासांत माघारी पाणी येणार. इतक्यात बाजीराव पेशवे घोडदळासह येऊन ठेपले, मॅथ्यूज एका स्वाराच्या भाल्याने जखमी झाला, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी वेगळा तह केला. पाण्याचे रक्षण आणि पठारावरील घोडा यांची अशी सांगड क्वचितच पडली असेल.

१७२९ मध्ये कान्होजी वारले. १७३३ मध्ये सेखोजीही गेल्यावर भावाभावांत कलह माजला. १७३५ मध्ये दौलतीची वाटणी झाली; कुलाबा मानाजीकडे आणि विजयदुर्ग संभाजीकडे. पुढे तुळाजीशी वैर धरलेल्या पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत नांगरून पडलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कुलाबा त्यानंतरही उभा होता. रघुजींनी १७५९ मध्ये तेथे गणेश पंचायतनाचे सुंदर मंदिर बांधले. १८४० च्या सुमारास वारसाअभावी संस्थान खालसा झाले. ज्या तटावर दोन परकी सत्तांची संयुक्त मोहीम फसली, तो शेवटी एका सरकारी हुकुमाने गेला.

आमच्या इतिहासलेखनात तलवारीचा हिशेब पुष्कळ झाला आहे. भरती-ओहोटीचा अद्याप व्हावयाचा आहे. बखर आणि पंचांग शेजारी ठेवून वाचल्याखेरीज कुलाबा समजणार नाही. आणि समजला, म्हणजे त्याचा धडाही ध्यानात येईल. आरमार म्हणजे केवळ जहाजे नव्हेत. आपल्या पाण्याचा तळ, वारा आणि वेळ जाणणारी माणसे म्हणजे आरमार. ती माणसे एका विचाराने वागली तोवर चंद्रानेही कुलाब्याचा पहारा केला. त्यांच्यात फूट पडली, तेव्हा भरती नेमाने येतच राहिली. पण तिचा उपयोग करून घेणारे कोणी उरले नाही.