शहागंजची दखनी आणि विद्यापीठाच्या भाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा अध्यापनाच्या माध्यमांचा इतिहास म्हणून मांडला जातो. वर्गातील भाषा व वर्गाबाहेरील बोली यांतील अंतर त्यात दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात जुन्या शहरातील शहागंज बाजारपेठेत रुळलेल्या दखनीच्या संदर्भात या अंतराचा विचार केला आहे.

माध्यमांचे स्थित्यंतर

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले. औरंगाबादचे इंटरमिजिएट महाविद्यालय त्याच विद्यापीठाचे होते. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखालील अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत याच शहरात होते. परिणामी मराठीभाषक विद्यार्थ्याला घरची भाषा उंबरठ्याआड ठेवूनच पुढे शिकावे लागे.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि चित्र पालटले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांबरोबर मराठवाडी बोली परिसरात आली आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांमुळे दलित साहित्यातील बोलीला छापील प्रतिष्ठा लाभली.

दखनीचे स्थान

दखनीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. वस्तुतः तिची वाङ्मयीन परंपरा जुनी आहे. या शहराशी निगडित असलेल्या वली दखनीचा काव्यसंग्रह १७२० च्या सुमारास दिल्लीत पोहोचला व तेथील काव्याला त्याने नवे वळण दिले. दखनीतील ‘नक्को’ हे मराठी ‘नको’चेच रूप होय, जोर देण्यासाठी शब्दाला जोडला जाणारा ‘च’ही मराठीतूनच आलेला आहे. अशी ही शेजारधर्माने घडलेली बोली उर्दूच्या वर्गात अशुद्ध ठरली, तर मराठीच्या वर्गात परकी.

समारोप

माध्यम बदलले, तरी प्रमाणभाषेबाहेरच्या बोलीकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. जनगणनेच्या भाषासूचीतही दखनीला स्वतंत्र स्थान नाही. मराठी व उर्दू विभागांनी एकत्र येऊन तिचे शब्द व वाक्प्रयोग संकलित केल्यास दोन्ही भाषांच्या सामायिक इतिहासाचे एक जिवंत साधन हाती येईल. असे संकलन न झाल्यास, शहागंजात आजही ऐकू येणारे हे साधन जुन्या पिढीबरोबर क्षीण होत जाण्याची भीती आहे.