काटा थरथरतो तेव्हा

जुन्या गाड्यांचं वेड आम्हां गोंयकारांना नवं नाही. मुक्तीपूर्वी इथं परदेशी गाड्या सहज येत, आणि त्यांतल्या काही अजून जुन्या घरांच्या पडवीत झाकून ठेवलेल्या दिसतात. पण ही गोष्ट घडली गोव्यापासून पार दूर, मध्य प्रदेशातल्या वारासिवनीत.

माझा एक मित्र मूळचा मडगावचा, आता नागपूरकर. त्याच्याकडे 1958 सालची एमजीए आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्यातून आम्ही कान्हाच्या जंगलाकडे निघालो होतो. तुमसर मागं पडलं, बालाघाट जिल्हा लागला, आणि वारासिवनीच्या अलीकडे मित्राचा चेहरा उतरला. ऑइल प्रेशरचा काटा साठावरून वीसवर, वीसवरून शून्यावर, आणि क्षणात पुन्हा साठावर! त्यानं इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली.

त्याची भीती खोटी नव्हती. इंजिनातली बेअरिंगं तेलाच्या पातळ थरावर फिरतात. दाब खरंच गेला तर धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिनाची वाट लागते. त्यात नागपुरात एकानं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की बेअरिंगं गेली, इंजिन खोला, क्रँक घासून घ्या. खर्चाचा आकडा ऐकून मित्र गाडी विकायच्या गोष्टी करू लागला होता. ती त्याच्या वडिलांची गाडी.

हा काटा चालतो कसा, हे मला आधीपासून ठाऊक होतं, कारण त्याचा इतिहास मला भारी आवडतो. 1849 साली पॅरिसच्या युजीन बूर्दोंनं त्याचं पेटंट घेतलं. चपटी केलेली, वाकवलेली पितळी नळी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते. तिचं टोक किंचित हलतं, ते हलणं दातेरी चाकांनी वाढवून काट्याला मिळतं. बस्स, एवढंच! त्याआधी वाफेचा दाब मोजायला पाऱ्याचे उंच स्तंभ लागत, आणि बॉयलर फुटून माणसं मरत. मुरगावहून घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांत हीच तबकडी असे. वारासिवनीवरून कटंगीला जाणाऱ्या अडीच फुटी छोट्या रेल्वेच्या इंजिनांतही हीच. (ती लाइन आता ब्रॉडगेज झाली.)

एमजीएमध्ये विजेचा संबंध नाही. इंजिनातलं तेल आधी एका रबरी नळीतून आणि मग बारीक धातूच्या नळीतून थेट तबकडीत येतं. पुढच्या एमजीबीत 1968 पासून अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना काही वर्षं विजेचा काटा होता. तिथं काटा नाचला तर आधी सेन्सर, सैल वायर, अर्थिंग बघायचं. आमच्या गाडीत तो प्रश्नच नव्हता.

गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. म्हातारे मिस्त्री बॉनेटमध्ये डोकावले आणि हसलेच. "हे त अँबॅसिडरचंच हाय जी!" खरंच की! एमजीएचं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचं, आणि आपल्या अँबॅसिडरलाही पुढे त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन मिळालं. कार्बोरेटर दोन, एवढंच काय ते स्पोर्टी.

मित्रानं बेअरिंगांचं रडगाणं सुरू केलं. मिस्त्री म्हणाले, "इंजिन कायले खोलता? पहिले काट्यालेच पुसू ना, मंग इंजिनले."

त्यांनी डिपस्टिक पाहिली. तेल पुरेसं. मग विचारलं, काटा वळणावर पडते का खड्ड्यात? वळणावर पडला तर तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. आमचा तर सरळ रस्त्यावरही पडत होता. गरम झाल्यावर, मंद चालीत हळूहळू उतरून तिथंच राहतो का? तसं असेल तर बेअरिंगं झिजल्याचा संशय घ्यायचा. तेही नाही. झिजलेलं बेअरिंग क्षणात बरं होऊन पुन्हा बिघडत नाही, हे नागपूरच्या त्या गृहस्थाला सुचलं कसं नाही? दाब सोडणाऱ्या झडपेत कचरा अडकू शकतो, म्हणून मिस्त्रींनी इंजिनामागचा मोठा नट खोलून स्प्रिंगही पाहिली. स्वच्छ.

मग ट्रॅक्टरसाठी ठेवलेला आपला गेज त्यांनी थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावला. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं, रेस दिली. पंचावन्न. मंद चालीत वीस. काटा ढिम्म हलेना!

दोष रबरी नळीत होता. बाहेरून धडधाकट, पण उभी चिरली तर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. तोच तेलाची वाट अडवत होता आणि सोडत होता. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपाचा तुकडा, दोन टोकं बसवून, तासाभरात काम झालं. नळी भरताना आतली हवा काढायला ते विसरले नाहीत. हवा राहिली तर काटा सुस्त होतो.

निघताना मित्रानं चिरलेली नळी मागितली, नागपुरात कुणाला तरी दाखवायची होती. मिस्त्रींनी ती आधीच खिळ्याला टांगली होती.

"राहू द्या जी. पोट्ट्यायले दाखवाले कामी येते."