कॅन्डिडा आहार

कॅन्डिडा आहार : योनिमार्गात पुन्हापुन्हा होणारा यीस्टचा संसर्ग पथ्याने आटोक्यात ठेवण्यासाठी सुचवला जाणारा आहार. त्यात साखर, मैदा, पाव, आंबवलेले पदार्थ व बरीचशी फळे वर्ज्य असतात. दही आणि लसूण यांवर भर असतो.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी निरोगी शरीरातही तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात राहते. ती बेसुमार वाढली की खाज, जळजळ व फाटलेल्या दुधासारखा स्राव सुरू होतो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाल्यास तो ‘वारंवार होणारा’ समजतात.

या आहाराचा बोलबाला अमेरिकेतील टेनेसीचे डॉ. विल्यम क्रूक यांच्या ‘द यीस्ट कनेक्शन’ (१९८३) या पुस्तकाने झाला. थकव्यापासून नैराश्यापर्यंत अनेक तक्रारींचे खापर त्यांनी यीस्टवर फोडले. १९८६ मध्ये तेथील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने ही कल्पना सिद्ध न झालेली ठरवली. पाव सोडण्याला तर आधारच नाही : पावातले यीस्ट वेगळ्या जातीचे असून भट्टीत मरते. इडली-आंबोळीलाही हाच न्याय.

दह्याची गोष्ट जरा निराळी आहे. १९९२ मधील एका अमेरिकी अभ्यासात सहा महिने रोज आठ औंस लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलसयुक्त दही खाणाऱ्या स्त्रियांत संसर्ग बराच घटला. पण अभ्यास पूर्ण करणाऱ्या होत्या केवळ १३. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या स्त्रियांना लॅक्टोबॅसिलस दिले, तेव्हा संसर्ग टळला नाही. शिवाय घरच्या विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत, हे सांगता येत नाही. दही-ताक आवडीने खावे, औषध म्हणून नव्हे. आणि ते योनिमार्गात लावू नये.

आहाराचा खरा, भक्कम संबंध रक्तातील साखरेशी आहे. मधुमेह आटोक्यात नसेल तर हा संसर्ग वरचेवर होतो. तेथे पथ्य, व्यायाम आणि औषध यांचा उपयोग संसर्ग रोखण्यासही होतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळेही धोका वाढतो. मात्र ती परस्पर बंद करू नयेत. मधुमेह नसलेल्या बाईने चहातली साखर सोडल्याने संसर्ग थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. अपथ्य केले म्हणून दुखणे उलटले, हा ठपका तिच्यावर ठेवणे अन्यायाचे आहे.

उपचारात प्रथम स्रावाची तपासणी होते, कारण काही कॅन्डिडा जाती नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्यानंतर बहुधा फ्लुकोनॅझोल सुरुवातीला काही मात्रांत आणि पुढे आठवड्यातून एकदा, सहा महिने देतात. गरोदरपणात ते टाळून मलम किंवा योनीत ठेवायच्या गोळ्या वापरतात. अंगावरून पांढरे जाणे व खाज पुन्हापुन्हा होत असेल, तर पोट मारत बसण्यापेक्षा आधी स्रावाची आणि रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी.