भित्यापाठी ब्रह्मराक्षस : आणीबाणीचे एकवीस महिने

वाचकहो, इतिहासाच्या तासाला हुकूमशाहीचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या ओठांवर हिटलर आणि मुसोलिनी ही दोन नावे येतात. जणू ही परमुलखातील साथ असून आपल्या अंगणापर्यंत ती कधी आलीच नाही! परंतु २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने, आपल्या देशानेही भीतीच्या राज्याचा अनुभव घेतला. आज ज्यांची मुले शाळेत आहेत अशा बहुतेक पालकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. प्रस्तुत लेखकाचाही नव्हता. न पाहिलेला इतिहास लवकर विसरला जातो, म्हणून त्याची उजळणी करणे अगत्याचे आहे.

एकाधिकारशाही सहसा दार फोडून घरात शिरत नाही. ती रखवालदाराच्या वेषात येते. आधी संकट दाखवते, मग संरक्षणाचे वचन देते आणि त्याच्या मोबदल्यात स्वातंत्र्य मागते, तेही ‘तात्पुरते’ म्हणून. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमधील संसदभवनास आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघून जर्मन नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. ते हिटलरच्या अखेरीपर्यंत परत मिळाले नाहीत.

आपल्याकडे १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन त्या वेळी जोरात होते. तेरा दिवसांनी ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणी पुकारण्यात आली. जर्मनी आणि भारत यांची तुलना शेवटपर्यंत ताणणे अन्यायाचे होईल, कारण आपल्याकडे पुढे निवडणूक झाली आणि सत्ता शांतपणे बदलली. पण भीती कशी काम करते, ही रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

आता थोडे गणित पाहू. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’ कायद्याखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसे पकडली गेली. एकूण आकडा १ लाख १० हजारांच्या घरात जातो. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे देशाची लोकसंख्या सुमारे ५५ कोटी होती. म्हणजे दर पाच हजारांमागे एक माणूस! आपल्या औंढ्यासारखी मावळातील चार-पाच लहान गावे एकत्र केली, तर त्या हिशेबाने जेमतेम एखादा माणूस तुरुंगात गेला असता. मग उरलेले चार हजार नऊशे नव्याण्णव गप्प का बसले?

याचे उत्तर अनिश्चिततेत आहे. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगण्याचे बंधनच सरकारवर उरले नव्हते. काय केले असता पकडतात हे ठाऊक असेल तर माणूस तेवढेच टाळतो. ते ठाऊक नसेल तर तो सर्वच टाळू लागतो. बोलणे टाळतो, वाचणे टाळतो, पकडलेल्याच्या घरी विचारपूस करावयास जाणेही टाळतो. भिंतीलाही कान असतात, असे तो स्वतःच घरच्यांना बजावू लागतो. पहिल्याच रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि मग देशभर सेन्सॉर आला. खरी बातमी बंद झाली की अफवांना पाय फुटतात, आणि अफवा नेहमी भीतीच वाढवीत असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तो असा!

दुसरी गोष्ट अशी की, भीतीचे राज्य वरच्या चार माणसांकडून चालत नाही. त्याला खालचे हजारो हात लागतात. नसबंदीच्या मोहिमेत उत्तर भारतात शाळाशिक्षकांनाही ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट ठरवून दिले गेले, आणि ते पुरे न झाल्यास पगार अडविले गेले. विचार करा, ज्या गुरुजींवर विश्वासून पालक मूल शाळेत धाडतात, त्याच गुरुजींना पाहून पालकांनी दार लावून घ्यावे! शिक्षक वाईट नव्हता. त्याला आपल्या मुलाबाळांच्या भाकरीची भीती होती. एकाची भीती दुसऱ्यावर ढकलली जाते आणि साखळी तयार होते. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेट भागातील मुस्लिम वस्तीत घरे पाडली गेली व गोळीबार झाला. आपल्या महाराष्ट्रातही तीन किंवा अधिक मुले असणाऱ्यांवर नसबंदीची सक्ती करणारे विधेयक १९७६ साली विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, हे आपले सुदैव.

भीतीला जात-धर्म नसतो, हेही तेव्हा दिसले. ४ जुलै १९७५ रोजी ज्या संघटनांवर बंदी आली, त्यांत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता आणि जमाअते इस्लामी हिंदही होती. परस्परांचे तोंड न पाहणाऱ्यांवर एकाच फर्मानाने एकच वेळ आणली. शेजाऱ्यावर संकट आले तेव्हा ‘आपण बरे, आपले काम बरे’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तथापि सर्वच गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी स्थानबद्धतेत आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण! पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावे लागले. मिनू मसानी यांनी आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकासाठी सेन्सॉरविरुद्ध दाद मागितली. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन, सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात गायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचे मत दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे ठरविले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले. त्यांची ज्येष्ठता डावलली गेली, सरन्यायाधीशपद गेले, त्यांनी राजीनामा दिला. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल रद्द ठरवून खन्ना यांचेच मत मान्य केले.

या तिघांपैकी कोणीही शस्त्र उचलले नाही, हे पाहण्यासारखे आहे. लेखिका लेखिकेसारखी वागली, संपादक संपादकासारखा आणि न्यायमूर्ती न्यायमूर्तीसारखा. भीतीच्या साखळीतील आपल्यापुरती कडी त्यांनी सोडवली, एवढेच.

त्या काळात गाड्या वेळेवर धावल्या, संप थांबले, असे सांगणारे वडीलधारे आजही भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण भीतीने केलेले काम टिकते किती? १९७६-७७ या वर्षी देशात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. धाक उठल्यावर पुढील वर्षी हा आकडा १० लाखांच्याही खाली आला. नकोशा झालेल्या ‘कुटुंब नियोजन’ या नावाऐवजी सरकारला ‘कुटुंब कल्याण’ हे नाव घ्यावे लागले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदार पडद्याआड एकटा होता. तेथे त्याने मन मोकळे केले आणि खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली.

पालकहो, कायद्याची कुलपे चांगलीच. पण ती उघडणारे आणि लावणारे हात आपल्याच घरांतून तयार होतात. आपली मुले उद्या शिक्षक, तलाठी, फौजदार, पत्रकार होतील. चुकीच्या हुकमापुढे ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे नम्रपणे म्हणण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती घरात प्रश्न विचारण्यापासून सुरू होते. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेले दादा-दादी, नाना-नानी असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि १९७६ साली लोक कोणती गोष्ट हळू आवाजात बोलत असत, एवढेच विचारा. पुस्तकात नसलेला धडा तुम्हांला मिळेल.