दशमांश आणि विसावा भाग : दान कोणी द्यावे?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबरच्या भाषणात, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. रामदासपेठेपासून जवळच असलेल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो उपासक-उपासिका येतात. या आवाहनाचा ऐतिहासिक अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. त्यासाठी प्राचीन इस्रायलमधील दशमांशाशी त्याची तुलना करणे उद्बोधक ठरेल.

इस्रायलच्या धर्मशास्त्राने दशमांश, म्हणजे दहावा भाग, सांगितला तो शेतातील धान्य, झाडांची फळे आणि गुरे-मेंढरे यांवर. अर्थात ज्याच्यापाशी शेत, मळा वा कळप असे, त्यानेच तो द्यावा अशी अपेक्षा होती. मजुराच्या रोजीवर दशमांश घ्यावा, असे तेथे सांगितलेले नाही. लेवी वंशाला जमिनीचे वतन नव्हते. म्हणून दशमांश त्यांना मिळे. तथापि त्यांनीही मिळालेल्याचा दहावा भाग याजकाला द्यावयाचा होता. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेव्यांबरोबरच परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी असे. भूमिधारक दाता आणि भूमिहीन ग्राहक, अशी ही व्यवस्था होती.

बौद्ध परंपरेची धाटणी वेगळी आहे. दीघनिकायातील सिङ्गालक सुत्तात गृहस्थाने संपत्तीचे चार भाग करावेत असे म्हटले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी व चौथा आपत्काळासाठी. दानाचा ठरीव वाटा तेथे नाही. दान हे चेतनेवर सोपविलेले आहे. महाराष्ट्रातील लेण्यांचे शिलालेख याची साक्ष देतात. नाशिकला क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. कार्ले येथे धेनुकाकटचा गंधिक सिंहदत्त दाता आहे. आणि भाजे येथे एका नांगरधाऱ्याची पत्नीही.

बाबासाहेबांच्या आवाहनात या दोन्ही धारा एकत्र येतात. अंश दशमांशासारखा निश्चित आहे. पण त्यामागे कायद्याचा धाक नसून दात्याचा निश्चय आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, हे आवाहन ज्यांना केले गेले ते बहुसंख्येने भूमिहीन व श्रमजीवी होते. प्राचीन दशमांशाच्या नियमात ज्यांची गणना घेणाऱ्यांत झाली असती, त्यांना बाबासाहेबांनी दाता म्हणून उभे केले. भाज्याच्या त्या उपासिकेचे स्थान त्यांना पुन्हा लाभले.

यातून एक जबाबदारीही येते. लेव्यांनासुद्धा मिळालेल्यातून देणे चुकले नव्हते. मग मजुराच्या मिळकतीचा विसावा भाग ज्या विहारांच्या व संस्थांच्या हाती येतो, त्यांनी त्याचा चोख हिशेब दात्यासमोर ठेवणे, हे त्यांचे पहिले देणे होय.