प्रहर, पहारा आणि 'तारिणी'

भोपाळच्या नेहरू नगरातून भदभद्याच्या वाटेने गेले म्हणजे मोठ्या तलावाचे विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या नगरीत नौकेचा विषय काढावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु हा तलाव ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या धारच्या भोजराजाच्याच नावावर 'युक्तिकल्पतरु' हा ग्रंथ सांगितला जातो. नौकांसाठी कोणते लाकूड घ्यावे, त्यांचे प्रकार किती, त्यांची मापे कोणती, याचे विवेचन त्यात आहे. तेव्हा तलावाच्या काठी राहणाऱ्या कोकणी माणसाने सागराची आठवण काढली, तर ते स्थानाला सोडून होणार नाही.

नौका कशी बांधावी हे भोजाच्या ग्रंथात सापडते. बांधलेली नौका कोणी सांभाळावी हे त्याहून प्राचीन अशा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. नावाध्यक्षाच्या प्रकरणात मोठ्या नावेवर शासक, नियामक, दोर व विळा हाताळणारे आणि पाणी उपसणारे असावेत, असे सांगितले आहे. आज्ञा देणारा एक, दिशा राखणारा दुसरा आणि तळाशी साचणारे पाणी काढणारा तिसरा. यांपैकी कोणाचेही काम हलके नव्हे. उपसणारा झोपला, तर शासकाची आज्ञा ऐकण्यास नावच उरणार नाही.

येथे प्रश्न येतो तो झोपेचा. देवळाला रात्री कुलूप लावता येते. भर समुद्रातील नौकेला लावता येत नाही. वारा रात्रीही वाहतो, आणि माणसाला तर निद्रा हवीच. या पेचातून नाविकांनी जी व्यवस्था काढली, तिला आपल्या भाषेत एकच नेमका शब्द आहे: पहारा. हा शब्द 'प्रहर' या संस्कृत शब्दावरून आला. अहोरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येक प्रहर तीन तासांचा. जो प्रहरभर जागतो त्याचे ते जागणे म्हणजे पहारा.

आपल्याकडे हा काळ घटिकापात्राने मोजीत. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. 24 मिनिटांत ती भरून बुडाली म्हणजे एक घटका झाली. विवाहाचा मुहूर्त अशाच वाटीने साधलेला आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. घटका संपताच टोला देणाऱ्या घडियालांचे वर्णन बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात केले आहे. युरोपीय गलबतांवर याच कामी अर्ध्या तासाची वाळूची घडी असे. ती उलटविली की घंटेचा टोला पडे. आठ टोले झाले की चार तासांचा पहारा संपे. पाळी लवकर संपावी म्हणून एखाद्या पोराने वाळू पुरती पडण्यापूर्वीच घडी उलटविली, तर गलबत किती चालले याचा हिशेब चुके आणि सर्वांचाच जीव धोक्यात येई. वाटीजवळ बसलेल्याने प्रामाणिक राहावे, एवढ्यावरच दोन्ही ठिकाणचा काळ चाले.

पहाऱ्याच्या वाटणीत एक सुंदर युक्ती आहे. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा पहारे केले, तर दोन किंवा तीन तुकड्यांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला रोज तीच वेळ येईल; मध्यरात्रीचे जागरण नेहमी त्याच माणसांना घडेल. म्हणून सायंकाळी चार ते आठ हा पहारा दुभंगून दोन-दोन तासांचे दोन केले. सहाचे सात झाले, आणि पाळी रोज आपोआप पुढे सरकू लागली. न्यायबुद्धीने केलेले हे गणित आहे.

पहारेकऱ्याचे काम केवळ जागे राहण्याचे नसते. होकायंत्रावर दिशा राखणे, वारा वाढताच शिडे आवरणे, वायुभारमापकाचा काटा उतरतो आहे काय ते पाहणे आणि नोंदवहीत सर्व लिहिणे, हे त्याच्याकडे असते. अंधारात दिसणाऱ्या दिव्यांचा अर्थ त्याने लावायचा: जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा दिवा, उजव्या अंगास हिरवा. पहारा सोपविताना दिशा, वारा आणि दृष्टिपथातील जहाजे सांगावयाची. नव्याचे डोळे अंधाराला सरावल्यावाचून जुन्याने जागा सोडावयाची नाही. सागरी टकरी टाळण्यासाठी 1972 साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतील पाचव्या नियमानेही प्रत्येक नौकेवर सर्व काळ डोळ्यांनी व कानांनी लक्ष ठेवण्याचे बंधन घातले आहे.

या धर्माचा अलीकडचा मोठा दाखला गोमंतकातून मिळाला. मांडवीतील दिवाडी बेट आपणांस श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान म्हणून पूज्य आहे. कदंबांचे हे दैवत पोर्तुगीजांच्या छळामुळे नदीपलीकडे नार्वे येथे गेले, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 साली करविला. त्याच दिवाडीवर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादई' ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. एकट्याला पहारा वाटून घ्यायला कोण? त्याला झोप तुकड्यातुकड्यांनीच चोरावी लागते.

त्यानंतरची 'तारिणी'ही दिवाडीचीच. ओडिशातील तारातारिणीच्या देवस्थानावरून तिचे नाव ठेवले. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाल्या आणि 254 दिवसांनी, 21 मे 2018 रोजी परतल्या. दक्षिण प्रशांत महासागरातील वादळे सोसून त्यांनी जानेवारीत केप हॉर्नला वळसा घातला. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसला थांबावे लागले. पुढे 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच त्याच नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. दोघींच्या नौकेत एक निजली म्हणजे तिचा सारा भरवसा दुसरीच्या उघड्या डोळ्यांवर.

समुद्रयान कलिवर्ज्य मानणाऱ्या आपल्या समाजाने पूर्वी समुद्राकडे पाठ फिरविली. तरी भाषेने ती फिरविली नाही. मराठीतील 'तारू', कोंकणीतील 'तारवटी' आणि देवीचे 'तारिणी' हे नाव, या सर्वांच्या मुळाशी तरून जाणे हा एकच अर्थ आहे. देवळात पहाटे काकडआरतीसाठी कोणी तरी आधी उठलेला असतो, म्हणून आपण दीप उजळलेला पाहतो. आपण त्याचे नाव क्वचितच विचारतो. नौकेवरचा पहारेकरीही तोच. इतरांनी निर्धास्त निजावे म्हणून एकाने जागावे, आणि वेळ होताच तो भार दुसऱ्याच्या हाती जसाच्या तसा द्यावा, यालाच आपल्या पूर्वजांनी सेवा म्हटले.